रंग उडाला तरी मजकूर उरला पाहिजे

शेतीचा निम्मा कारभार आता मोबाईलवर आला आहे. पीक पाहणीची नोंद मोबाईलवर, पीक विम्याचा अर्ज मोबाईलवर, पावसाचा अंदाज मोबाईलवर. बारामती-इंदापूरच्या ऊस पट्ट्यात तर उपग्रहावरून काढलेला शेताचा नकाशासुद्धा मोबाईलवर येऊ लागला आहे. हे चांगलेच आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र हा मोबाईल शेतकऱ्याशी कोणत्या भाषेत बोलतो, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. तो बऱ्याचदा रंगाच्या भाषेत बोलतो. हिरवे म्हणजे ठीक, पिवळे म्हणजे सांभाळा, तांबडे म्हणजे धावा! आणि ज्याच्या डोळ्याला हिरवे-तांबडे वेगळे दिसतच नाही, त्याच्यापुढे तो मुका होऊन बसतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ॲपमध्ये रंग जरूर वापरा, रंगाने काम झटपट होते. पण जी गोष्ट रंगाने सांगता ती शब्दाने, आकड्याने किंवा एखाद्या खुणेनेही सांगा. ॲप चांगले की वाईट याची पारख करायला इंजिनिअर लागत नाही. मोबाईलच्या पडद्याचा फोटो काढून गावातल्या सेवा केंद्रातून त्याची काळी-पांढरी प्रत छापून घ्या. त्या कागदावरून सगळे समजले तर ॲप पास. नुसतेच करडे डाग दिसले, तर ते ॲप अर्ध्यातच सोडले आहे असे खुशाल समजावे. याला आपण झेरॉक्सची कसोटी म्हणू.

आज्याचा डोळा नातवाला

आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन तऱ्हेच्या पेशी असतात. त्यांना शंकूपेशी म्हणतात. यातल्या तांबडा-हिरवा फरक सांगणाऱ्या पेशींची जनुके एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतात. पुरुषाजवळ हे गुणसूत्र एकच. त्यात दोष आला की भरून काढायला दुसरे नसते. बाईजवळ दोन असतात, त्यामुळे एकात दोष असला तरी दुसरे काम भागवते. म्हणून होते काय, की आईच्या वडिलांचा दोष आईला न जाणवता नातवात उतरतो. घरातल्या तीन भावांपैकी एकालाच तो असतो आणि बाकीचे दोघे त्याला ‘आंधळा आहेस का?’ म्हणून चिडवत राहतात.

असे लोक किती? युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात साधारण ८ आणि बायकांत दोनशेत एखादी, असे प्रमाण सांगतात. आपल्या देशातल्या पाहण्यांत ते बहुधा याहून कमी भरते. शंभर पुरुषांत तीनच धरले, तरी हजार पुरुषांच्या गावात तीस जण झाले. तीस खातेदार म्हणजे एक अख्खी वस्ती! आणि यातल्या बऱ्याच जणांना स्वतःला याचा पत्ता नसतो. जन्मापासून जग तसेच दिसत आले, मग वेगळे काय ते कळणार कसे? इंग्लंडचा शास्त्रज्ञ जॉन डाल्टन याने १७९४ साली स्वतःच्याच डोळ्यांतल्या या दोषाचे वर्णन केले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण पंचविशी उलटेपर्यंत त्यालाही आपला दोष उमगला नव्हता. पुढे जपानचे डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली ठिपक्यांमध्ये आकडे लपवलेले तक्ते काढले. सैन्यात किंवा रेल्वेत भरती होताना तेच तक्ते दाखवतात. शेतकऱ्याला हा तक्ता कोण दाखवणार? शेती करायला डोळ्याचा दाखला लागत नाही, त्यामुळे दोष आयुष्यभर झाकलेला राहतो.

शिवाय शेतकऱ्याने त्यावर आपली तोड काढलेली असते. डाळिंब नुसत्या रंगावर कोणी तोडत नाही. फळ टिचकी मारून वाजवून बघतात, देठाच्या विरुद्ध टोकाची पाकळी मिटली का ते बघतात. ऊस तोडणीला आला का, हे हातातल्या ब्रिक्समीटरचा आकडा सांगतो. मिरचीचे तोडे करणाऱ्या बाईचा हात फळाच्या कडकपणावरून चालतो. शिवारात रंगाच्या जोडीला आवाज, स्पर्श, आकार, वास असे चार साक्षीदार असतात. मोबाईलच्या काचेवर मात्र हे चारही गायब होतात. तिथे रंग हा एकटाच साक्षीदार, आणि तोच आपल्याला दिसेना, तर निकाल लागायचा कसा?

दोष नसलेल्यांचीही अडचण

कोणी म्हणेल, तीस जणांसाठी एवढा खटाटोप कशाला? तर बाबांनो, हा प्रश्न तीस जणांपुरता राहत नाही. मोतीबिंदू पिकत आलेल्या माणसाला सगळेच पिवळट, धूसर दिसते आणि निळा रंग मावळतो. आपल्या भागात शेती बघणाऱ्यांत साठी उलटलेली माणसे थोडी नाहीत. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा वाजता बांधावर उभे राहून मोबाईल बघा. पडद्यावर आपलेच तोंड दिसते, फिकट पिवळा आणि फिकट हिरवा कुठला ओळखू येतोय! काच तडकलेली, बॅटरी वाचवायला उजेड कमी केलेला, हँडसेट सहा वर्षांचा. रात्रीच्या लाईटवर पाणी धरणाऱ्याचे हात चिखलाचे. आणि शेवटी सगळे सरकारी काम कागदावर येते, तो कागद काळा-पांढराच असतो. तेव्हा रंगावर सगळी भिस्त ठेवलेले ॲप थोड्यांना कायमचे अडवते आणि सगळ्यांना अधूनमधून अडवते.

जुन्या व्यवस्थेत हे शहाणपण होते

गंमत अशी की, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. कीटकनाशकाची बाटली हातात घ्या. तिच्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत तो सक्तीचा केला आहे. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. अति विषारी औषधाला तांबडा, जास्त विषारीला पिवळा, मध्यम विषारीला निळा आणि सौम्य विषारीला हिरवा. पण नियम करणारे रंगावर थांबले नाहीत. वरच्या अर्ध्या भागात शब्द घातला. तांबड्याला कवटी, हाडांची फुली आणि ‘विष’ अशा अर्थाचा शब्द. पिवळ्याला ‘विष’ हाच शब्द, पण कवटी नाही. निळ्याला ‘धोका’ आणि हिरव्याला ‘सावधान’. म्हणजे ज्याला हिरवा त्रिकोण पिवळ्यासारखा दिसतो, त्यालाही वरचा शब्द वाचून कळते की हातात काय आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याला कवटी तरी कळते.

हा शब्द चैनीचा नाही. विषारीपणाची ही वर्गवारी उंदरांवरच्या चाचण्यांवरून केलेली आहे. तोंडावाटे पोटात गेले तर वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत निम्मे उंदीर मरतात ते औषध तांबड्या वर्गात. ५००० च्या पुढे मात्रा लागते ते हिरव्या वर्गात. दोन टोकांत शंभर पटीचा फरक आहे! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती आणि रंग न ओळखणे हे त्यात नव्हते. तरीही विषाची सूचना किती ठळक आणि किती निःसंशय असली पाहिजे, हे त्या वर्षाने सगळ्या महाराष्ट्राला शिकवले. उद्या कोणी ॲपवाल्याने औषधांच्या यादीपुढे नुसता रंगीत ठिपका लावला आणि शब्द गाळला, तर तो १९७१ च्याही मागे गेला असे म्हणावे लागेल.

बियाण्याच्या पिशवीचेही तसेच. पैदासकार बियाण्याचे लेबल सोनेरी पिवळे, पायाभूतचे पांढरे, प्रमाणितचे निळे, सत्यप्रतचे हिरवे. पण प्रत्येकावर बियाण्याचा वर्ग छापलेला असतो. राज्यात १ मे १९९९ पासून शिधापत्रिका पिवळी, केशरी आणि शुभ्र अशी तीन रंगांत आली, तिच्यावरही मजकूर असतोच. भात-गव्हाला नत्र किती द्यायचे ते ठरवायची हिरव्या पट्ट्यांची रंगपट्टी येते, तिच्या प्रत्येक पट्टीवर आकडा असतो. चौकातल्या सिग्नलला तांबडा दिवा वर आणि हिरवा खाली. रंग न दिसला तरी जागेवरून कळते. रेल्वेच्या जुन्या सिग्नलचा हात दिवसा वर-खाली होऊनच गाडीवानाला सांगायचा. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत तीन फेजचे तांबडा, पिवळा, निळा असे तीन दिवे एका ओळीत असतात, वायरमन त्यांना आर-वाय-बी म्हणतो. मधला दिवा विझला म्हणजे मधला फेज गेला, हे जागेवरून समजते.

हवामान खात्याचे इशारे घ्या. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, तांबडा म्हणजे तातडीने हालचाल करा. रेडिओवर ‘उद्या पुणे जिल्ह्यात ऑरेंज अलर्ट’ असे बोलले की आंधळ्यालाही समजते, कारण तिथे रंगाचे नाव हाच शब्द झाला. पण तोच इशारा नुसता नकाशा म्हणून ग्रुपवर आला, जिल्ह्यावर नाव नाही, खाली शब्द नाही, तर पिवळा कुठला आणि नारिंगी कुठला यावर पारावर वाद सुरू होतो. इशारा तोच, पण शब्द सोबत होता तोवर तो कामाचा होता.

आकडा आधी, रंग मागाहून

आता उपग्रहाच्या नकाशाकडे येऊ, कारण आपल्या भागात हाच विषय गाजतो आहे. बारामतीच्या ॲग्रीकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले. २०२४ पासून ते पाहायला राज्यभरातून लोक येत आहेत. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ धोरणही मंजूर केले. म्हणजे असे नकाशे आज ना उद्या माळेगाव-पणदऱ्यापासून निमगाव केतकी-बावड्यापर्यंत घरोघरी येणार.

हा नकाशा तयार होतो कसा, ते समजून घेण्यासारखे आहे. हिरवेगार निरोगी पान सूर्याच्या उजेडातला तांबडा भाग शोषून घेते आणि आपल्या डोळ्याला न दिसणारा अवरक्त भाग परत फेकते. पान आजारी पडले, तहानले, की हे गणित बिघडते. उपग्रह हे दोन्ही भाग मोजतो आणि त्यातून एक आकडा काढतो. उणे १ ते अधिक १ अशी त्याची पट्टी असते. उघड्या रानाचा आकडा ०.१-०.२ च्या आसपास, दाट पिकाचा ०.६ ते ०.८. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रात सर्वांत बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा! एका एकरात असे चाळीस चौकोन. म्हणजे शेताच्या गुंठ्या-गुंठ्याला एक आकडा मिळतो.

इथे मेख आहे. यंत्राजवळ मुळात आकडा असतो. नकाशावरचा तांबडा-हिरवा रंग हा शेताचा खरा रंग नसतो, तो ॲप बनवणाऱ्याने आकड्याला नेसवलेला असतो. ०.३ ला तांबडे नेसवले, ०.७ ला हिरवे. नेसवून झाले की बऱ्याच ठिकाणी आकडा पडद्यामागे टाकून देतात आणि शेतकऱ्याच्या हातात उरतो तो रंग. आता तांबडा-हिरवा दोष असलेल्या माणसाला हे दोन्ही रंग एकाच मातकट छटेत दिसतात. नेमकी तीच जोडी निवडून सगळे नकाशे रंगवलेले! ज्यात फरक दाखवायचा, तोच फरक त्याला दिसत नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका शिवारफेरीत अशाच एका डाळिंब बागायतदाराने मोबाईल पुढे केला होता. म्हणाला, “साहेब, ह्यात काय बघायचं? मला तर सगळा प्लॉट एकच दिसतोय.” नकाशाच्या ईशान्य कोपऱ्यात चार-पाच गुंठे तांबडे होते, तिथल्या ठिबकच्या नळ्या चोंदल्या होत्या. विचारले, “अण्णा, मग आतापर्यंत बघत होता कसं?” तर म्हणाला, “पोरगं पुण्याला कॉलेजात असतं, ते रविवारी आलं की सांगतं.” म्हणजे उपग्रह पाच दिवसांनी चित्र पाठवतो आणि ते वाचले जाते रविवारी, तेही पोरगे आले तर. चोंदलेल्या नळीखालचे झाड काही रविवारची वाट बघत नाही. त्या कोपऱ्यावर ‘पाणी कमी’ एवढे दोन शब्द असते, तर काम त्याच सकाळी झाले असते.

आणखी कुठे कुठे अडते

नकाशा हे मोठे उदाहरण झाले. अडणूक मात्र रोजच्या बारीक गोष्टींत जास्त होते.

अर्ज भरताना एखादा रकाना चुकला की त्याची चौकट तांबडी होते आणि अर्ज पुढे सरकत नाही. काय चुकले ते लिहिलेले नसते. रंग न दिसणारा माणूस तेच बटण दहा वेळा दाबतो आणि शेवटी ‘सर्व्हर डाऊन’ आहे असे समजून घरी जातो. मुदत संपते.

अर्जाची स्थिती दाखवायला नावापुढे गोल ठिपका असतो. हिरवा म्हणजे मंजूर, पिवळा म्हणजे छाननीत, तांबडा म्हणजे त्रुटी. तिन्ही ठिपके एकाच आकाराचे. त्रुटी निघाली आहे हेच कळले नाही, तर ती दूर कोण करणार?

गावच्या खातेदारांच्या यादीत काम झालेली नावे एका रंगावर आणि राहिलेली दुसऱ्या रंगावर, अशीही मांडणी दिसते. पीक पाहणीचे उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः नोंद करायची पद्धत आली. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि सातबाऱ्यावर पीक नाही म्हटल्यावर हमीभाव खरेदीची नोंदणी असो, नुकसानीचे अनुदान असो, सगळीकडे खेटे घालावे लागतात. एवढी मोठी गोष्ट यादीतल्या एका रंगावर सोडायची का? नावापुढे ‘झाली’ किंवा ‘बाकी’ असा एक शब्द लिहिला की संपले.

शेवटची गोष्ट बटणांची. पंप चालू करायचे बटण हिरवे, बंद करायचे तांबडे, दोन्ही गोल, शेजारी-शेजारी आणि वर अक्षर नाही. यात चूक झाली तर मोटार कोरडी फिरून जळू शकते.

कायदा काय सांगतो

हे काही आमचेच म्हणणे आहे असे नाही. वेबचे जागतिक नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या सुलभतेच्या नियमांत २००८ सालापासून स्पष्ट कलम आहे, की माहिती सांगायला रंग हे एकमेव साधन असू नये. अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक एवढा फरक असावा, असेही त्यात आहे. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत मोबाईल ॲपही त्यात आली.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे. रंगदोष त्या यादीत नाही. म्हणजे या माणसाला दाखला मिळत नाही, सवलत मिळत नाही. त्याने त्या मागितलेल्याही नाहीत. त्याला हवे आहे ते फक्त नीट बनवलेले साधन. न्यायालयांचा कलही तिकडेच आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये निवड होऊनही रंगदोषामुळे एका विद्यार्थ्याला प्रवेश नाकारला गेला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने अशा विद्यार्थ्यांना दारे बंद करू नका असे सांगितले. जून २०२० मध्ये वाहन परवान्याचे नियम बदलून सौम्य आणि मध्यम रंगदोष असलेल्यांना परवान्याची वाट मोकळी झाली. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण केवायसीचे होते, पण तत्त्व सगळ्यांना लागू आहे. योजना मोबाईलवरून द्यायची, तर तो मोबाईल लाभार्थ्याला वाचता आला पाहिजे.

खर्चाची सबब नको

ॲप बनवणारे दोन सबबी सांगतात. पहिली खर्चाची. पण वर पाहिले तसे आकडा यंत्राजवळ आधीपासून असतो, तो दाखवायला नवा उपग्रह सोडावा लागत नाही. ‘झाली’, ‘बाकी’, ‘त्रुटी’ हे शब्द लिहायला किती खर्च येतो? दुसरी सबब अशी की, शेतकऱ्याला वाचायला जड जाते, म्हणून आम्ही रंग वापरतो. यात तथ्य आहे. न वाचणाऱ्यासाठी रंग मोलाचा आहे, म्हणूनच तो काढा असे आम्ही म्हणत नाही. पण न वाचणाऱ्यासाठी खूण आहे, आकार आहे, आवाज आहे. बरोबरची खूण आणि फुली पहिलीतल्या पोरालाही कळते.

आवाजाचे उदाहरण तर आपल्या विहिरीवरच आहे. मोबाईल ऑटो बसवलेल्या शेतकऱ्याला घरबसल्या फोन येतो आणि लाईट आली, मोटार चालू झाली असे यंत्र बोलून सांगते. त्यात रंग कुठे आहे? अंधारात चालते, म्हाताऱ्याला चालते, निरक्षराला चालते, रंगदोष असलेल्यालाही चालते. म्हणून तर ते गावोगाव पोचले. जी वस्तू अडलेल्याच्या सोयीने बनते ती सगळ्यांच्याच सोयीची होते, याचा याहून चांगला पुरावा नको.

कोणी काय करावे

ॲप बनवणाऱ्यांनी नकाशाच्या प्रत्येक तुकड्यावर आकडा किंवा ‘चांगले, मध्यम, कमी’ असा शब्द द्यावा. रंगासोबत तिरप्या रेघा, ठिपके, चौकडा असे भरण वापरावे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या कागदावरही तुकडे वेगळे दिसतील. तांबड्या-हिरव्याच्या जागी निळ्या-नारिंगीची जोडी घ्यावी, ती बहुतेक रंगदोष असलेल्यांना वेगळी दिसते. गडद-फिकटाचा फरक ठळक ठेवावा. ठिपक्यांना आकार द्यावेत. मंजुरीला बरोबरची खूण, त्रुटीला फुली, छाननीला घड्याळ. रकाना चुकला तर काय चुकले ते मराठीत लिहावे.

ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि आम्ही कृषी खात्याचे लोक, आपलेही काम आहे. गावच्या ग्रुपवर रंगीत नकाशा टाकताना खाली दोन ओळी लिहाव्यात, कोणत्या गावाला कोणता इशारा आणि काय करायचे. पिण्याच्या पाण्याच्या सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला तांबडे, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. ते फलकावर लावताना जोखीम जास्त की कमी, हे मोठ्या अक्षरांत लिहावे. ‘तांबड्या खुणेचे बटण दाबा’ असे शेतकऱ्याला सांगण्यापेक्षा ‘उजवीकडचे खालचे, जतन करा असे लिहिलेले बटण दाबा’ असे सांगावे. नवीन ॲप गावात आणण्यापूर्वी त्याची झेरॉक्सची कसोटी घ्यावी आणि नापास झाले तर तसे वर लेखी कळवावे.

शेतकऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, पुढच्या नेत्र तपासणी शिबिरात ठिपक्यांचा तक्ता मागून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे, विशेषतः शाळेतल्या मुलांचे करून घ्यावे. दोन, बऱ्याच अँड्रॉइड मोबाईलच्या सेटिंगमध्ये सुलभता या भागात रंग सुधारणेची सोय असते, ती घरातल्या जाणत्या पोराकडून लावून घ्यावी. त्याने तांबडे-हिरवे जरा वेगळे दिसू लागते. तिथेच पडदा काळा-पांढरा करायचीही सोय असते, म्हणजे झेरॉक्सचा खर्चसुद्धा वाचला. तीन, औषधाची बाटली घेताना रंगावर जाऊ नये, चौकोनातला शब्द वाचावा किंवा दुकानदाराकडून वाचून घ्यावा. आणि रंग दिसत नाही हे सांगायला लाजू नये. चष्मा लागला हे आपण सांगतोच की!

जानेवारीत बारामतीत कृषी विज्ञान केंद्राचे ‘कृषिक’ प्रदर्शन भरते तेव्हा आपल्याकडचे लोक ट्रॅक्टर-जीप भरून जातात. तिथे ॲपवाल्यांचे स्टॉल ओळीने लागलेले असतात. या वेळी प्रत्येक स्टॉलवर एकच मागणी करा, “पडदा काळा-पांढरा करा, आणि मग माझ्या रानात पाणी कुठं कमी आहे ते दाखवा.” जो दाखवेल त्याचे ॲप घ्या. जो दाखवू शकणार नाही, त्याला पुढच्या वर्षी तयारी करून यायला सांगा.